चौथं नाव आणि वगळलेले अर्ज

पत्राचा सारांश: एक संशोधक इतिहासात पीएचडी करत आहेत. तिसरं वर्ष चालू आहे. त्यांचं विद्यावेतन संगणक अभियांत्रिकी, समाजशास्त्र आणि इतिहास अशा तीन विभागांच्या संयुक्त प्रकल्पातून येतं. अभिलेखागारातले जुने हस्तलिखित अर्ज संगणकाने वाचावेत आणि प्रत्येक अर्ज कर, जमीन, कर्ज, छळ यांपैकी कशाबद्दल आहे हेही त्यानेच ओळखावं, असा प्रकल्पाचा हेतू. त्यासाठी त्या आणि दोन सहायक अर्ज वाचून लेबलं लावतात. आतापर्यंत दोन पेपर निघाले. पहिल्यात सहा लेखकांमध्ये त्यांचं नाव चौथं, दुसऱ्यात ते फक्त आभारात. प्रकल्पप्रमुख अभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं, लेबलं लावणाऱ्यांमधलं एकमत 0.58 आहे ते 0.8 वर न्या आणि वादाचे अर्ज वगळा. इतिहासाचे गाइड म्हणतात, हे संशोधनच नाही, बाहेर पड, चौथ्या नावाला आपल्याकडे कुणी विचारत नाही. समाजशास्त्राच्या प्राध्यापिका एकट्यात सहानुभूतीने ऐकतात, बैठकीत मात्र बोलत नाहीत. वाचक विचारतात: "मी दोन वर्षं कारकुनी केली का? प्रकल्प सोडून एकटीने प्रबंध लिहावा तर पैसा बंद होतो. राहायचं तर प्रोग्रॅमिंग शिकून त्यांच्यातलीच एक व्हावं लागेल. काय करू?"

उत्तर:

तुमच्या पत्रातला जास्तीत जास्त मजकूर नावांच्या क्रमाबद्दल आहे. तो राग रास्त आहे, त्याकडे येतोच. पण "वादाचे अर्ज वगळा" हे वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, आणि मला वाटतं सगळी गोष्ट तिथे अडली आहे.

तुम्हीच दिलेलं उदाहरण घेऊ. अर्जदार सुरुवातीला लिहितो की आपल्याला कर जास्त लागला. एका सहायकाने 'कर' असं लेबल लावलं. तुम्ही अर्ज पूर्ण वाचलात तेव्हा दिसलं, की कराची रक्कम एकदाच येते आणि पुढचा सगळा मजकूर शेजाऱ्याने नोंदणाऱ्याला हाताशी धरून बांध कसा सरकवला याबद्दल आहे. तुम्ही 'जमीन' लावलंत. दुसऱ्या सहायकाला त्यात सततची दमदाटी दिसली, त्याने 'छळ' लावलं. तिघांची तीन लेबलं झाल्यावर तो अर्ज डेटासेटमधून बाहेर गेला.

आता इतिहासकाराच्या नजरेने विचारा, की त्या माणसाने सुरुवात करापासून का केली असेल? अर्ज लिहिणारा आपलं दुःख जसंच्या तसं मांडत नाही. कचेरी कोणत्या कारणाची दखल घेते याचा अंदाज बांधून तो मांडतो, किंवा पैसे घेऊन अर्ज लिहून देणारा तसा बांधतो. शेजाऱ्याच्या दमदाटीला कचेरीत रकाना नसेल, कराला असेल, तर दमदाटी कराच्या अर्जात शिरते. म्हणजे ज्या अर्जावर तीन जाणत्या वाचकांचं एकमत होत नाही, तो बऱ्याचदा नेमका असा अर्ज असतो जिथे कचेरीचा रकाना आणि माणसाचं गाऱ्हाणं जुळत नाही. तुमच्या प्रबंधाचा विषय राज्यसंस्था आणि प्रजा यांच्यातला पत्रव्यवहार असा काहीसा असेल असं गृहीत धरतो. तसं असेल तर तुम्हाला टाकून द्यायला सांगितलेला ढीग हाच तुमचा सर्वांत मोलाचा साठा आहे.

म्हणून "मी कारकुनी केली का" याला माझं उत्तर नाही असं आहे. पण तुम्ही आतापर्यंत ते कारकुनीसारखं केलंत, हेही खरं. लेबल लावलंत आणि निर्णयामागचं कारण कुठे लिहून ठेवलं नाहीत. पत्रात तुम्हीच म्हणता की मतभेदांची चर्चा व्हायची आणि शेवटी तक्त्यात एकच लेबल उरायचं. त्या चर्चेची नोंद असती तर आज हातात एक प्रकरण असतं. अजूनही उशीर झालेला नाही, कारण मूळ अर्ज आहेत आणि, मला आशा आहे, प्रत्येकाची मूळ लेबलंही कुठल्या तरी जुन्या फाइलीत आहेत. त्या फाइलींची प्रत आजच काढून ठेवा. स्वच्छ केलेला तक्ता आला की जुना कुणीतरी निष्पापपणे पुसतं.

आता त्या 0.58 कडे वळू, कारण तुम्ही या आकड्याला जरा जास्तच घाबरता. हा बहुधा 'कप्पा' (kappa, ग्रीक अक्षरावरून) गुणांक असावा. तो अभियंत्यांनी शोधलेला नाही. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने 1960 साली तो दोन परीक्षकांसाठी मांडला. दोघांहून जास्त माणसं असतील तर वापरायची रूपं नंतर आली. कल्पना साधी आहे: दोन माणसं डोळे झाकून लेबलं लावत सुटली तरी काही वेळा त्यांचं जुळेलच. तेवढं योगायोगाचं जुळणं वजा करून उरलेलं एकमत किती, ते हा आकडा सांगतो. एकमत पूर्ण असेल तर 1, योगायोगाइतकंच असेल तर 0.

यात एक गोम आहे, ती तुम्हाला माहीत हवी. समजा 100 अर्ज आहेत आणि दोन्ही वाचकांनी प्रत्येकी 90 अर्जांना 'कर' आणि उरलेल्या 10 ना 'जमीन' असं लेबल लावलं. 100 पैकी 80 अर्जांवर दोघांचं जुळलं, उरलेल्या 20 वर नाही. 80 टक्के एकमत ऐकायला छान वाटतं. पण इतक्या एकतर्फी वाटणीत निव्वळ योगायोगानेच 82 टक्के जुळायला हवं होतं, त्यामुळे कप्पा शून्याच्याही खाली जातो, साधारण उणे 0.11. याचा अर्थ वाचक आंधळे आहेत असा होत नाही. एक वर्ग बाकीच्यांना गिळून बसला आहे, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या साठ्यातही कराचे अर्ज बाकीच्यांच्या कितीतरी पट असतील, तर आधी ते तपासा. आणि 'मध्यम', 'भरीव' अशा ज्या पायऱ्या सर्रास वापरल्या जातात (0.41 ते 0.60 मध्यम, 0.61 ते 0.80 भरीव) त्या 1977 सालच्या एका लेखातल्या आहेत. त्या पायऱ्या मनाने आखल्या आहेत असं लेखकांनी तिथेच लिहून ठेवलं होतं. पुढे आकडे सगळ्यांनी उचलले आणि तो कबुलीजबाब मागे राहिला.

पण म्हणून प्राध्यापकांना चूक ठरवायला धावू नका. मतभेद सगळे पवित्र नसतात. काही निव्वळ वाचनाच्या चुका असतात: शाई पसरलेली, जोडाक्षर उलगडलं नाही, सहायक दमलेला. काही मार्गदर्शक सूचनांतल्या ढिलाईमुळे होतात. सावकाराकडे गहाण पडलेली जमीन 'कर्ज' की 'जमीन' हे तुम्ही आधी ठरवलंच नसेल, तर दोष अर्जाचा नाही. आणि तिसरे, जिथे तिघांनी नीट वाचलं, सूचना स्पष्ट होत्या, तरी अर्थ दुहेरीच राहिला. पहिल्या दोन प्रकारांत प्राध्यापकांची मागणी योग्य आहे, तिथे एकमत वाढलंच पाहिजे. तिसऱ्यात ती मागणी म्हणजे इतिहासाबद्दल केलेलं एक विधान आहे, स्वच्छतेच्या नावाखाली. प्रत्येक गाऱ्हाण्याला एकच कारण असतं, असं ते विधान म्हणतं. ते पुराव्यानिशी सिद्ध करायला सांगितलं तर कुणालाही जमणार नाही.

तेव्हा पहिलं काम हे. वगळलेल्या अर्जांतून कसलीही निवड न करता 100 अर्ज उचला. या तीन प्रकारांत त्यांची वाटणी करा, प्रत्येकासमोर दोन ओळींचं कारण लिहा. प्रकल्पात काय करायचं, प्रबंधात काय घालायचं, राहायचं की जायचं, यातला कुठलाही निर्णय या तक्त्याआधी घेऊ नका. तिसऱ्या प्रकारात पाच-सातच अर्ज निघाले तर मी जे म्हणतोय ते तुमच्या साठ्याला लागू नाही, आणि मग प्राध्यापकांचं ऐका. तीस-चाळीस निघाले तर तुमच्याकडे संशोधन आहे.

प्राध्यापकांशी बोलताना मात्र "इतिहासाचा मान राखा" या सुरात बोलू नका. त्यांच्या कामाच्या भाषेत एक भक्कम मुद्दा आहे. वादाचे अर्ज जर मॉडेलला, म्हणजे अर्ज ओळखायला शिकणाऱ्या संगणकप्रणालीला, शिकवण्याच्या संचातून वगळले आणि चाचणीच्या संचातूनही वगळले, तर मॉडेलचे गुण वाढणारच, कारण अवघड प्रश्नच पेपरातून काढलेत. मग तेच मॉडेल अभिलेखागारातल्या उरलेल्या हजारो अर्जांवर सोडलं की तिथे अवघड अर्ज वाट पाहत असतातच. चाचणीत मिळालेला आकडा प्रत्यक्षात टिकत नाही, आणि हे चांगला परीक्षक कधीतरी विचारतोच. शिवाय प्रत्येक वाचकाचं लेबल वेगळं जपून ठेवायचं, बहुमताने एक न करता मतांची वाटणीच मॉडेलला शिकवायची, हा प्रकार भाषातंत्रज्ञानात आता परका राहिलेला नाही. तुम्ही त्यांना अडथळा दाखवत नाही, पुढचा पेपर दाखवताय.

त्रासदायक दिसणारी गोष्ट काढून टाकली की सोबत काय निघून जातं, याचं एक उदाहरण अभियांत्रिकीच्याच अंगणातलं आहे. एलिनॉर ऑस्ट्रम या राज्यशास्त्रज्ञ. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या महिला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या सिंचन योजनांचा तुलनात्मक अभ्यास केला. शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले बंधारे दगड, माती आणि फांद्यांचे. पुरात ते वाहून जायचे आणि पुन्हा पुन्हा माणसं जमवून बांधावे लागायचे. काही ठिकाणी यंत्रणांनी काँक्रीटचे पक्के बंधारे दिले. कागदावर पाणी सगळ्यांना अधिक मिळायला हवं होतं. पण एकंदरीत पाहिलं तर शेतकऱ्यांनी चालवलेल्या कच्च्या योजनांतच टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, शेतांपर्यंत पाणी जास्त चांगलं पोचत होतं. बंधारा वाहून जात होता म्हणूनच वरच्या शेतकऱ्यांना टेलवाल्यांच्या श्रमांची गरज लागायची, आणि श्रम हवेत तर त्यांना पाणी द्यावं लागायचं. पक्क्या बंधाऱ्याने दुरुस्ती संपवली, त्यासोबत वरच्यांना खालच्यांची वाटणारी गरजही संपवली. बंधाऱ्याचं गणित चुकलेलं नव्हतं. दरवर्षीचा तो खटाटोप काय काय धरून ठेवतो, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो विचारणं हे शेवटी जोडायचं एखादं प्रकरण नसतं. आराखड्याच्या पहिल्या दिवसाचं काम असतं. संयुक्त प्रकल्पात तुमची जागा तीच आहे. ती तुम्हाला कुणी दिलेली नाही हे मला कळतं.

आता नावांचं बघू.

तुमचे गाइड आणि प्रकल्पप्रमुख एकाच यादीकडे पाहून दोन वेगळ्या गोष्टी वाचतात. अभियांत्रिकीत आणि प्रयोगशाळेच्या शास्त्रांत पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं बहुधा प्रमुखाचं, मधली नावं योगदानाच्या उतरत्या क्रमाने. गणितात आणि अर्थशास्त्रात पुष्कळदा निव्वळ वर्णानुक्रम, तिथे चौथ्या नावाचा अर्थ आडनाव कोणत्या अक्षरापासून सुरू होतं एवढाच. इतिहासात एक लेखक, एक ग्रंथ. त्यामुळे सहा जणांत चौथं असणं हे तुमच्या प्रकल्पप्रमुखांच्या दृष्टीने ठीकठाक, तुमच्या गाइडच्या दृष्टीने शून्य. दोघंही आपापल्या पंगतीचे नियम पाळतायत. संगणकशास्त्रात कॉन्फरन्सचा पेपर हेच मुख्य प्रकाशन असतं आणि काही महिन्यांत निकाल लागतो. इतिहासाच्या नियतकालिकात एका लेखाला वर्ष सहज जातं, ग्रंथाला कित्येक. दोन वर्षांच्या खिडकीतून उद्धरणं मोजणारा इम्पॅक्ट फॅक्टर दहा वर्षांनी वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाला काय मोजणार? नियतकालिकाच्या गुणांवरून माणसाचं काम ठरवू नका असं सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून निघालेलं जाहीरनाम्याचं पत्रक 2013 साली प्रसिद्ध झालं, अनेक विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या, आणि निवड समित्या अजून आकडेच बघतात. असो.

दुसऱ्या पेपरची गोष्ट मात्र वेगळी. वर्ग तुम्ही आखले, सूचना तुम्ही लिहिल्या, लेबलं तुम्ही लावली, आणि पेपर त्याच डेटासेटवर उभा असूनही नाव आभारात. इथे शाखांच्या रीतींची ढाल चालणार नाही, हे अन्यायाचंच आहे. 'क्रेडिट' नावाची योगदानाची जी वर्गवारी आज अनेक प्रकाशक वापरतात, तिच्यात 14 भूमिका आहेत. कार्यपद्धती ठरवणं आणि माहितीसंच सिद्ध करणं या दोन्ही तिच्यात स्वतंत्रपणे मोजल्या जातात. म्हणजे तुमच्या कामाला मान्य नाव आधीपासून आहे, ते तुम्हाला नव्याने पटवून द्यायचं नाही. प्रकाशित झालेल्या पेपरात नाव घालायचं तर बहुतेक ठिकाणी सगळ्या लेखकांची लेखी संमती लागते, आणि त्या भांडणात तुमची शक्ती जाईल. मी ते करणार नाही. पण पुढचा पेपर सुरू होण्याआधी मात्र क्रम कागदावर यायला हवा. पेपर स्वीकारला गेल्यावर नावं ठरवणं म्हणजे ज्याच्या हातात अनुदान आहे त्याने ठरवणं.

या बाबतीत एक जुनी हकिगत तुमच्या उपयोगाची आहे. 1949 साली रॉबेर्तो बूसा हे इटालियन धर्मगुरू आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांना जाऊन भेटले. मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ टॉमस अक्विनासच्या लॅटिन लेखनाची संपूर्ण शब्दसूची त्यांना यंत्राच्या मदतीने करायची होती. काम जवळपास तीस वर्षं चाललं, 56 खंड निघाले, आणि मानव्यविद्यांत संगणक आणणारे पहिले म्हणून बूसांचं नाव झालं. लाखो शब्द छिद्रपत्रांवर उतरवणाऱ्या बहुतांश तरुण मुली होत्या. त्यांची नावं कितीतरी काळ कुणी नोंदलीच नव्हती. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी जुन्या छायाचित्रांतून आणि मुलाखतींतून ती शोधायला घेतली. हे मी तुम्हाला हळवं करायला सांगत नाही. त्यांच्याकडे स्वतःच्या कामाचा स्वतंत्र, तारखेसह, नावासह असा दस्तऐवज नव्हता, तुमच्याकडे तो होऊ शकतो. डेटासेट हे आज स्वतंत्र प्रकाशन आहे. सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा चालवत असलेलं झेनोडो हे खुलं ऑनलाइन भांडार 2013 पासून आहे. तिथे डेटासेट ठेवला की त्याला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो आणि त्याची स्वतःची लेखकयादी असते. त्या यादीत पहिलं नाव तुमचं, पुढे दोघा सहायकांचं. हो, त्यांचंही. तुमच्या पत्रात ते दोघे कुठेच नावारूपाला येत नाहीत, ते 'सहायक' आहेत. तुमच्या बाबतीत जे झालं ते तुम्ही एक पायरी खाली करणार नाही अशी खात्री धरतो. डेटासेटसोबत एक टिपण जोडा: अर्ज कुठून निवडले, कुठले सुटले, वर्ग कसे ठरले, मतभेदांचं काय केलं. अभिलेखागाराची परवानगी कशापुरती आहे तेही आधी बघून घ्या. प्रतिमा खुल्या करता येत नसल्या तरी लेबलं आणि टिपण करता येतात का, असं विचारा.

प्रोग्रॅमिंग शिकावं का? थोडं, जरूर. स्वतःचा तक्ता स्वतः हाताळता यावा, मॉडेलने कोणता वर्ग कोणता समजून चुकवला याचा तक्ता वाचता यावा, कप्पा स्वतः काढता यावा. एका सत्राची मेहनत आहे. त्यापलीकडे "त्यांच्यातली एक" होण्याच्या नादी लागू नका. त्यांना चांगले प्रोग्रॅमर मिळतात. जुने अर्ज वाचून हे वाक्य अर्जदाराचं नाही, अर्ज लिहून देणाऱ्याचं ठरीव वाक्य आहे, असं सांगणारं माणूस त्यांना बाजारात मिळत नाही. तुमची किंमत कमी आहे म्हणून तुम्ही आभारात गेलात, असं तुम्ही धरून चालला आहात. मला उलट दिसतं: तुम्ही काय करताय हे त्यांना दिसेल अशा रूपात तुम्ही कधी समोर ठेवलंच नाही. बैठकीत "अजून इतके अर्ज झाले" एवढंच सांगितलंत, तर ते मोजणीच करणार.

तुम्ही पाठवाल त्या पत्राचा मसुदा साधारण असा असू शकतो: "सर, पुढच्या पेपरच्या डेडलाइनआधी तुमचा अर्धा तास हवा आहे. वगळलेल्या अर्जांपैकी 100 मी पुन्हा तपासले. किती वाचनाच्या चुका, किती सूचनांतल्या उणिवा आणि किती खरोखर दुहेरी अर्थाचे, याचा तक्ता सोबत आहे. पहिले दोन प्रकार दुरुस्त केल्यावर एकमत किती होतं तेही काढलं आहे. तिसरा प्रकार वेगळा ठेवून त्यावर मॉडेल कसं चालतं हे पाहावं असं सुचवते. या पेपरचा मसुदा मी लिहीन. लेखकक्रम आणि माझ्या प्रबंधात हा डेटा वापरण्याबाबत त्याच बैठकीत ठरवून एक पानाची नोंद करू." लांबवू नका. तक्रार यात घालू नका, ती तोंडी, आणि तीही काम बोलून झाल्यावर.

त्या एक पानाच्या नोंदीत नक्की असायला हवं: कोणत्या पेपरचं पहिलं नाव कुणाचं, मूळ लेबलं कुणाकडे राहतील, प्रबंधात काय वापरता येईल आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही, प्रकल्प संपल्यावर प्रत कुणाकडे. समाजशास्त्राच्या बाईंना या बैठकीला आवर्जून बोलवा. एकट्यात सहानुभूती आणि सभेत मौन याचा तुम्हाला राग आला आहे, पण कदाचित त्यांचीही अवस्था तुमच्यासारखीच असेल: प्रकल्प संपत आला की "आता लोकांच्या चार मुलाखती घेऊन टाका" असं सांगितलं जाणारी. लेबलांमधल्या मतभेदांचं विश्लेषण हा त्यांच्या शाखेचाही विषय आहे. त्यांना आधार मागू नका, सहलेखन मागा. माणसं सहानुभूतीपेक्षा पेपरसाठी लवकर बोलतात.

गाइडशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना दहा पानं द्या. तिसऱ्या प्रकारातले चार-पाच अर्ज घ्या, तिघांनी ते कसे वाचले, प्रत्येक वाचनामागे काय होतं, कचेरीच्या कोणत्या रकान्यात तो अर्ज शेवटी नोंदला गेला, आणि त्यावरून कचेरीबद्दल काय कळतं, हे संगणकाचा उल्लेख न करता लिहा. ते वाचून ते म्हणतील की हा इतिहास आहे, आणि मग तुम्ही सांगा की हे अर्ज हजारोंतून कसे सापडले. हाती वाचून एका आयुष्यात कुणाला हा नमुना दिसला नसता. त्यांच्या काळजीत एक गोष्ट खरी आहे, ती नीट ऐका: इतिहासाच्या नोकरीसाठी तुमच्याकडे एकटीचं, सलग, युक्तिवाद असलेलं लिखाण लागणारच. संयुक्त पेपर त्याची जागा घेणार नाहीत. म्हणून प्रबंध इतिहासाचाच ठेवा, पेपर परिशिष्टात किंवा पद्धतीच्या प्रकरणात, आणि प्रत्येक ठिकाणी कोणता भाग तुमचा याचं सहलेखकांच्या सहीचं निवेदन.

परीक्षकांचा विचार आत्ताच सुरू करा. दोन शाखांच्या मधल्या प्रबंधांचं भवितव्य लिखाणापेक्षा परीक्षक कोण आले यावर जास्त अवलंबून असल्याचं मी पाहिलं आहे. एक परीक्षक असा हवा ज्याने स्वतः अभिलेख आणि संगणक दोन्ही हाताळले आहेत. नावं गाइड सुचवतात, पण सुचवणाऱ्याला कुणीतरी यादी द्यावी लागते. त्या लोकांचं काम वाचा, परिषदेत भेटा, आणि तुमची दहा पानं त्यांना आधी पाठवू नका. पुष्कळ ठिकाणी प्रबंधाचा मजकूर आधी वाचून मत दिलेला माणूस परीक्षक म्हणून चालत नाही.

हे सदर वाचणाऱ्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांसाठी एवढंच: अनुदानाच्या अर्जात "मानव्यविद्यांचा सहभाग" लिहिताना तो माणूस काय ठरवणार आहे हे लिहा. काय पुरवणार आहे हे पुरेसं नाही. पुरवण्यासाठी माणूस घेतलात तर तो पुरवेल आणि निघून जाईल, तुमचा आकडा अभिलेखागाराच्या दारात का घसरला हे सांगायला कुणी उरणार नाही.

राहता राहिला सोडण्याचा प्रश्न. माझ्या मते बैठक आणि तक्ता झाल्याशिवाय सोडू नका. पण पुढच्या दोनपैकी कोणतीही एक गोष्ट घडली तर सोडा. तिसऱ्या प्रकारातले अर्ज कायमचे पुसून उरलेला संच तुमच्या नावाने प्रसिद्ध करायला सांगितलं, तर. आणि मूळ लेबलं प्रबंधात वापरायला लेखी नकार आला, तर. त्याआधी विद्यावेतनाचे किती महिने उरलेत ते कार्यालयातून लेखी घ्या, विभागात शिकवण्याचं काही काम मिळतं का विचारून ठेवा, आणि जाताना सूचनांची अखेरची आवृत्ती, हस्तांतराची नोंद आणि तुम्ही काय केलंत हे सांगणारं प्रकल्पप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊनच निघा. असं पत्र बहुतेक जण देतात, कारण ते द्यायला फुकट असतं. रागाने दार आपटून गेलेल्याला मात्र कुणी देत नाही.